कोळशाचे पाणी आणि श्रावकाचे गाळणे

धाराशिव शहराजवळ बालाघाटच्या कड्यात कोरलेल्या लेण्यांत भगवान पार्श्वनाथांची प्राचीन मूर्ती आहे. मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या ज्या लेण्यांचे वर्णन येते, ती हीच असे अभ्यासक मानतात. तेरापूर म्हणजे आजचे तेर. त्या काव्यातील कथा अशी : दक्षिणेच्या स्वारीवर निघालेला राजा करकंडू या लेण्यात आला. मूर्तीच्या सिंहासनावर त्याला दगडाची एक गाठ दिसली आणि ती त्याच्या डोळ्यांना खटकली. जाणत्या शिल्पकाराने सांगितले की, लेणे खोदताना येथे झरा लागला होता व तो रोखण्यासाठीच ही गाठ ठेवली आहे. राजाने ऐकले नाही. गाठ फोडली गेली, पाण्याचा लोंढा उसळला आणि लेणे मूर्तीसह पाण्याने भरले. राजाला पश्चात्ताप झाला आणि त्याने पुढे दुसरे लेणे कोरवले.

कथेचा धार्मिक अर्थ भाविकांना ठाऊक आहे. तिच्यात एक व्यावहारिक अर्थही दडलेला आहे. दगड फोडला की त्याच्या पोटातील पाण्याची वाट बदलते आणि त्या पाण्याचे उत्तरदायित्व फोडणाऱ्यावर येते. कोळशाच्या खाणीत, कोळसा धुण्याच्या कारखान्यात आणि कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रात हा प्रश्न रोज उभा राहतो. धाराशिव जिल्ह्यातील जैन व्यापारी कुटुंबांना तो दूरचा वाटण्याची शक्यता आहे. परंतु तो दूरचा नाही.

उजनीचे एकच पाणी

धाराशिव जिल्ह्यात कोळसा नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थरावर थर असलेली ही भूमी आहे. महाराष्ट्रातील कोळसा चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या जिल्ह्यांच्या पोटात आहे आणि तो मुख्यतः नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीमार्फत काढला जातो. तरीही धाराशिवच्या बाजारपेठेतील दुकानात दिवा लागतो, तेलघाणा फिरतो, डाळमिल चालते, ती वीज मोठ्या अंशी कोळशाचीच असते.

संबंध एवढ्यावर थांबत नाही. धाराशिव शहराला भीमेवरील उजनी जलाशयातून पाणी येते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात एनटीपीसीचे १३२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्यालाही उजनीचेच पाणी लागते. उत्तरेकडे बीड जिल्ह्यात परळीचे वीजकेंद्र आहे. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी तेथील संच बंद ठेवावे लागले होते. ज्या मराठवाड्यात टँकरच्या फेऱ्यांवर उन्हाळा मोजला जातो, तेथे कोळशाची वीज आणि पिण्याचे पाणी हे एकाच घागरीचे दोन वाटेकरी आहेत. म्हणून कोळशाने मळलेले पाणी पुन्हा वापरण्याजोगे करणे हा केवळ कारखान्याच्या अभियंत्याचा विषय राहत नाही.

कोळसा धुवावा का लागतो

भारतातील बहुतेक कोळशात राखेचे प्रमाण फार असते. वीजकेंद्रांना मिळणाऱ्या कोळशात ते साधारणतः ३५ ते ४५ टक्के आढळते. याचा अर्थ, शंभर टन कोळसा रेल्वेने आणला तर त्यातील पस्तीस-चाळीस टन हे न जळणारे माती-दगड असतात आणि त्यांचेही भाडे भरावे लागते. हा दगड खाणीजवळच वेगळा करण्यासाठी कोळसा धुतला जातो. अशा कारखान्याला सर्वजण ‘कोल वॉशरी’ म्हणतात. खाणीपासून दूरच्या वीजकेंद्रांनी ३४ टक्क्यांहून अधिक राखेचा कोळसा वापरू नये, असा नियम केंद्र सरकारने १९९७ मध्ये केला; २०१४ मध्ये तो ५०० किलोमीटरपलीकडील केंद्रांना लागू करण्याचे ठरले आणि मे २०२० मध्ये ही मर्यादा काढून घेण्यात आली. नियम गेला तरी धुलाई थांबलेली नाही, कारण पोलाद आणि सिमेंट उद्योगांनाही कमी राखेचा कोळसा हवा असतो.

धुण्याची युक्ती जुनी आहे. शुद्ध कोळसा पाण्याच्या जेमतेम सव्वा ते दीडपट जड असतो, तर दगड दुपटीहून अधिक. मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाची बारीक पूड पाण्यात मिसळून त्या पाण्याची घनता या दोहोंच्या मध्ये आणली की कोळसा तरंगतो आणि दगड तळाशी जातो. गृहिणी डाळ रोळते तेव्हा खडे खाली राहतात, तसाच हा प्रकार आहे.

अडचण बारीक कणांची आहे. कोळसा फोडताना होणारी भुकटी आणि त्याला चिकटलेली माती पाण्याबरोबर जाते. हे पाणी शाईसारखे काळे होते. ते तसेच नाल्यात सोडले तर भुकटी नदीच्या तळावर बसते, वाळूतील झिरप बुजते, पाण्यात प्रकाश पोहोचत नाही, माशांच्या कल्ल्यांत कण अडकतात आणि शेतात शिरलेले पाणी जमिनीवर काळी साय धरते.

याशिवाय कोळशातून पाण्यात काही विरघळतेही. ज्या कोळशात गंधकयुक्त पायराइट असते, तेथे हवा आणि पाणी यांच्या संयोगाने गंधकाम्ल तयार होते आणि त्या आम्लात लोह व इतर धातू विरघळतात. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत कोळसा खाणींच्या अशाच आम्लयुक्त पाण्याने नद्यांची जीवसृष्टी उद्ध्वस्त झाली आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये तेथील ‘रॅट होल’ खाणकामावर बंदी घातली. विदर्भातील कोळशात गंधक तुलनेने कमी असते, एवढा दिलासा आहे. पोलादासाठी कोळसा भाजून कोक करतात, तेथील सांडपाण्यात तर फिनॉल, अमोनिया आणि सायनाइड ही विषे असतात. आणि वीजकेंद्रात कोळसा जळाल्यावर उरणारी राख पाण्यात कालवून तलावात सोडली, की आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम, पारा यांचे अंश त्या पाण्यात उतरू शकतात.

पाणी पुन्हा निर्मळ कसे होते

कोल वॉशरीच्या काळ्या पाण्यावरील पहिला उपचार म्हणजे त्याला स्वस्थ बसू देणे. पण कण जितका बारीक, तितका तो बसायला वेळ लावतो आणि तोही भूमितीच्या हिशेबाने : कणाचा व्यास दहापट लहान असेल तर तो शंभरपट सावकाश बसतो. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर तर सारखाच विद्युत्भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि दिवसेंदिवस तरंगत राहतात. म्हणून पाण्यात तुरटीसारखे क्षार किंवा लांब साखळीचे पॉलिमर अत्यल्प प्रमाणात घालतात. त्यामुळे कणांचे पुंजके होतात आणि ते जड होऊन खाली बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची घराघरांतील रीत याच तत्त्वावर चालते.

हे काम ‘थिकनर’ नावाच्या मोठ्या गोल हौदात होते. वरचे निवळ पाणी काठावरून ओसंडून पुन्हा कोळसा धुण्यास जाते. तळाचा गाळ संथपणे फिरणाऱ्या दात्यांनी मध्याकडे ओढला जातो व पुढे फिल्टर प्रेसमध्ये कापडाच्या थरांतून दाबून त्यातले पाणी पिळून काढतात. उरलेली चकती म्हणजे जळण्याजोगी कोळशाची भुकटीच असते आणि तिला बाजारात गिऱ्हाईक मिळते. नीट चालवलेल्या वॉशरीत पाणी असे गोल फिरत राहते. कोळशाला चिकटून गेलेली ओल आणि बाष्प यांपुरतीच नव्या पाण्याची भर घालावी लागते. कुंपणाबाहेर थेंबही सोडण्याचे कारण राहत नाही. या व्यवस्थेला ‘शून्य विसर्ग’ म्हणतात.

आम्लयुक्त पाण्यावर चुन्याचा उपाय आहे. चुन्याने आम्ल मरते आणि विरघळलेले लोह तांबूस-नारिंगी गाळ होऊन खाली बसते. पाणी चुनखडीच्या दगडांतून वाहू देणे आणि पाणकणसासारख्या वनस्पतींच्या पाणथळीतून सावकाश पुढे नेणे, हे कमी खर्चाचे मार्गही जगभर वापरले जातात. कोकच्या भट्टीतील फिनॉल नष्ट करण्याचे काम सूक्ष्म जीवाणू करतात. अशा पाण्याची सवय झालेले जीवाणू हवेचा भरपूर पुरवठा असलेल्या हौदात ठेवले की ते फिनॉल हेच आपले अन्न मानतात. शेवटी जे राहते ते सक्रिय कार्बनच्या थरातून गाळले जाते. आणि हा सक्रिय कार्बन पुष्कळदा कोळशापासूनच बनवलेला असतो.

राखेच्या बाबतीत सर्वांत चांगला उपाय म्हणजे ती पाण्यात कालवूच नये. कोरडी राख सिमेंट, विटा आणि रस्त्यांच्या भरावासाठी उपयोगी पडते. वीजकेंद्रांनी आपली सर्व राख उपयोगात आणावी, असे ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने बंधनकारक केले आहे.

तंत्र अज्ञात नाही, दुर्मीळही नाही. कमतरता भासते ती यंत्रे रोज चालवण्याच्या इच्छेची. शुद्धीकरणाचा पंप चालवला तर विजेचे बिल येते. न चालवला तर ते बिल नदीकाठच्या गावाला येते.

नागपूरच्या नदीचा धडा

हे बिल कसे येते, ते नागपूरने पाहिले आहे. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखमिश्रित पाणी शेतांत आणि ओढ्यांत पसरले, कोलार नदीत गेले आणि कोलारमधून कन्हानकडे. कन्हान ही नागपूर शहराच्या पाणीपुरवठ्याचा एक मुख्य स्रोत आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत नांदगाव येथील राखेच्या तलावाबाबतच्या ग्रामस्थांच्या तक्रारींवरून राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी तेथे राख टाकणे थांबवण्याचे आदेश दिले होते. शेतावर बसलेला राखेचा थर काढणे, विहिरी उपसणे, नदीपात्र मोकळे करणे हे काम बांध वेळीच दुरुस्त ठेवण्यापेक्षा किती तरी महाग पडते, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

याच परिसरात आशादायक उदाहरणेही आहेत. नागपूर महापालिकेच्या भांडेवाडी प्रकल्पात शहराचे सांडपाणी शुद्ध करून दररोज १३ कोटी लिटरपर्यंत पाणी कोराडीच्या वीजकेंद्रासाठी देण्याची व्यवस्था झाली आहे. त्यामुळे तेवढे नदीचे व धरणाचे पाणी माणसांसाठी राहते. शुद्धीकरण प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी शहरांचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे, असे केंद्र सरकारच्या जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणातही म्हटले आहे. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने खाणीतून उपसलेले पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटलीबंद पिण्याचे पाणी म्हणून उपलब्ध केले आहे. खाणीचे पाणी मनुष्याच्या ओंजळीपर्यंत आणता येते, हे येथे सिद्ध झाले. प्रश्न उरतो तो इतकाच की, हे सर्व ठिकाणी का होत नाही.

एम्शरची सहकारी वही

महाराष्ट्राला सहकाराचे तत्त्व नवे नाही; धाराशिव जिल्ह्यात साखर कारखाने आणि पतसंस्था त्याच तत्त्वावर उभ्या राहिल्या. जर्मनीतील ऱ्हूर या कोळसापट्ट्यात नदीच्या स्वच्छतेसाठी हेच तत्त्व सव्वाशे वर्षांपूर्वी योजले गेले. खाणी, कोकभट्ट्या, पोलादाचे कारखाने आणि त्यांच्याभोवती वाढलेली शहरे या सर्वांची घाण एम्शर या लहान नदीत जात होती. खाली खाणी असल्याने जमीन खचत असे, म्हणून भूमिगत गटारे टिकत नसत. अखेर १८९९ मध्ये तेथील नगरपालिका, खाणी आणि उद्योग यांनी एकत्र येऊन ‘एम्शर गेनॉसेनशाफ्ट’ ही संस्था स्थापन केली. गेनॉसेनशाफ्ट म्हणजे सहकारी संघच. ज्याच्यामुळे नदीचा जितका बिघाड, तितकी त्याची वर्गणी, हे तिचे सूत्र होते. १९२० च्या दशकात याच संस्थेने कोकभट्ट्यांच्या पाण्यातून फिनॉल वेगळे काढून ते विकण्याचीही व्यवस्था केली.

तरीही पुढील कित्येक दशके एम्शर हे उघडे गटारच राहिले, कारण त्या काळी घाण लवकर वाहून नेणे एवढेच उद्दिष्ट होते. खाणकाम ओसरल्यावर १९९२ मध्ये नदी पुन्हा नदी करण्याचे काम सुरू झाले. सुमारे ५१ किलोमीटर लांबीची भूमिगत मुख्य वाहिनी बांधली गेली आणि २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यापासून मुक्त झाली. खर्च आला सुमारे साडेपाच अब्ज युरो, आणि काळ लागला तीस वर्षे. शंभर वर्षांच्या भरभराटीचे थकीत देणे पुढच्या पिढ्यांनी व्याजासह फेडले, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

गाळण्यातून निसटणारे

जैन कुटुंबात पाणी गाळण्याचा संस्कार पाळण्याबरोबर येतो. पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात ‘सागारधर्मामृता’त श्रावकाचे आठ मूलगुण सांगताना मद्य-मांस-मध यांच्या त्यागाबरोबर जलगालनाला स्थान दिले. या आचाराची तीन अंगे आहेत. पाणी दाट, दुहेरी कापडातून गाळावे. गाळलेले पाणी मर्यादित काळातच, म्हणजे एका मुहूर्तात, ४८ मिनिटांत वापरावे. आणि गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीतून पाणी काढले त्याच विहिरीत अलगद पोहोचवावेत. या तिसऱ्या अंगाला ‘जिवाणी’ म्हणतात आणि आज तेच सर्वाधिक विसरले गेले आहे.

पहिले अंग पिणाऱ्याच्या आचारशुद्धीसाठी आहे असे कोणी म्हणेल. परंतु जिवाणीत पिणाऱ्याचा कोणताच लाभ नाही. ती केवळ जलाशयासाठी आहे. पाणी घेणारा त्या जलाशयाचा आणि त्यातील जीवांचा ऋणी आहे, आणि जे त्याचे आहे ते त्याला जिवंत परत करणे हे ऋणकोचे कर्तव्य आहे, असा तिचा आशय आहे. उद्योगाच्या भाषेत जिवाणीचा अर्थ सरळ लागतो : जितके पाणी घेतले त्याचा हिशेब ठेवावा आणि जे परत करायचे ते जीव जगेल अशाच स्थितीत परत करावे.

कापडाचे गाळणे कण अडवते; विरघळलेले फिनॉल किंवा आम्ल त्यातून खुशाल निघून जाते. फिनॉलची गोष्ट तर विशेष आहे. कारखान्याच्या सांडपाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे हजारपट कडक आहे. असे पाणी शुद्ध करण्यासाठी क्लोरिन घातले तर त्यातून होणाऱ्या संयुगाने पाण्याला औषधी वास येतो. घरातील गाळणे, तुरटी आणि क्लोरिन हे तिन्ही उपाय जेथे थकतात, तेथे पाणी उगमाशीच राखणे हाच मार्ग उरतो.

वहीतला नफा खरा किती

हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय, म्हणजे पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांतील पहिले अंगारकर्म, म्हणजे कोळसे पाडणे व भट्ट्यांवर चालणारे धंदे. स्फोटकर्म म्हणजे जमीन खोदणे, दगड फोडणे. सरःशोष म्हणजे तळी आणि जलाशय आटवणे. आजचा कोळसा उद्योग या तिन्हींना एका आवारात आणतो. आधुनिक जीवनात विजेपासून आणि पोलादापासून अलिप्त राहणे गृहस्थाला शक्य नाही. कोळशाचा व्यापार, वाहतूक, विटभट्टी, बॉयलर, सिमेंटची एजन्सी यांत अनेक जैन कुटुंबे प्रामाणिकपणे कष्ट करीत आहेत. अणुव्रती गृहस्थाकडून धर्म संपूर्ण निवृत्तीची अपेक्षा करीत नाही. तो विवेकाची अपेक्षा करतो. आणि व्यापाऱ्याचा विवेक त्याच्या वहीत दिसतो.

हिशेबशास्त्राचा साधा नियम आहे की, उत्पन्न ज्या वर्षाचे, खर्चही त्याच वर्षी मांडावा. पाणी स्वच्छ करण्याचा खर्च जो उद्योग मांडत नाही, त्याच्या ताळेबंदातील नफा फुगलेला असतो. त्या नफ्यातून पुढे पाणपोई उभारली, जलमंदिराला देणगी दिली, तरी ते दान दुसऱ्याच्या खात्यातून उचललेल्या रकमेचे ठरते. समाजाची दानशीलता थोर आहे. भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात जलाशयांतील गाळ काढण्याचे जे मोठे काम हाती घेतले, त्याने गावोगावी पाणीसाठा वाढवण्याची दिशा दाखवली. गाळ काढण्यासाठी पुढे येणाऱ्या समाजाने गाळ ओतला जाऊ नये यासाठीही तितकाच आग्रह धरणे सुसंगत आहे.

कायद्याचे पालन केले म्हणजे झाले, असे अनेकांना वाटते. तेथेही हिशेब तपासावा. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला, त्यानुसार १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ आले आणि १९७४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यात तरंगते कण लिटरला १०० मिलिग्रॅमहून अधिक नसावेत, अशी मर्यादा आहे. आता एखाद्या कारखान्याने ही मर्यादा काटेकोर पाळून दररोज १० लाख लिटर पाणी सोडले, तर रोज १०० किलो भुकटी नदीत जाते; वर्षातील ३०० दिवसांत ३० टन. शिवाय सांडपाण्यात चांगले पाणी मिसळले की आकडा कायद्यात बसतो आणि भुकटी मात्र तितकीच राहते. म्हणून टक्केवारीइतकेच एकूण प्रमाण पाहणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. तेव्हापासून हा खर्च ऐच्छिक राहिलेला नाही. तो न मांडणे म्हणजे संभाव्य देणे लपवणे होय.

सामान्य व्यापारी कुटुंब या बाबतीत काय करू शकते? पुष्कळ करू शकते. ज्यांच्या घरी मोठ्या कंपन्यांचे शेअर आहेत, त्यांना बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांचे शाश्वतता अहवाल पाहता येतात; सेबीने २०२२-२३ पासून ते सक्तीचे केले आहेत आणि कंपनीने किती पाणी घेतले, किती सोडले, कोणती प्रक्रिया करून सोडले याची माहिती त्यांत द्यावी लागते. लाभांशाचा आकडा वाचणाऱ्या डोळ्यांनी तो रकानाही वाचावा. ज्यांचा स्वतःचा कारखाना आहे, त्यांना प्रदूषण मंडळाची संमती लागत असेल तर दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी पर्यावरण विवरणपत्र भरावे लागते. ते सल्लागाराकडून सही-शिक्क्यापुरते भरून न घेता, पाण्याचे आकडे मालकाने स्वतः मीटरवरून ताडून पाहावेत. कोळसा खरेदी करणाऱ्याने उष्मांक आणि भाव यांबरोबर हा कोळसा कोठे धुतला गेला व तेथील पाणी कोठे जाते, हे विचारावे. विटभट्टी किंवा बांधकाम व्यवसाय असणाऱ्याने वीजकेंद्राची कोरडी राख वापरली, तर तेवढी राख तलावात जाणे टळते. बॉयलरजवळ कोळशाचा ढीग उघड्यावर असेल, तर पावसाळ्यापूर्वी त्यावर छप्पर आणि भोवती गाळ अडवणारा खड्डा करणे हा काही हजारांचा प्रश्न आहे.

याच जिल्ह्यात भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. देशभूषण-कुलभूषण मुनींचे ते निर्वाणक्षेत्र. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये तेथे सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर रोजी देह ठेवला. त्या डोंगरावर दर्शनाला येणारा यात्रिक गाळलेलेच पाणी पितो. त्याने व्यवसायातही तेवढीच दक्षता बाळगावी, एवढीच अपेक्षा आहे. दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या मंगल प्रसंगी, पेढ्यांवर नवी वही उघडली जाते आणि पहिल्या पानावर ‘लाभ’ व ‘शुभ’ हे दोन शब्द लिहिले जातात. भाडे, मजुरी, व्याज आणि वीज यांच्या जोडीला त्या वहीत ‘जलशुद्धी’ या नावाचे एक खर्चाचे खाते यंदा उघडावे. ते खाते नियमित भरणाऱ्या पेढीचा लाभ कदाचित थोडा कमी दिसेल. पण जो दिसेल तो शुभ असेल.